६२०३

बेअरिंग एका दिवसात जात नाही. आधी ते नुसतं बोलायला लागतं, मग कुरकुरतं, मग ओरडतं. तरीही कुणी बॉनेट उघडलं नाही तर पुली वाकडी फिरायला लागते, पट्टा जळतो आणि गाडी टोचन करून आणावी लागते. आमची जुनी गाडी कुरकुरण्याच्या पायरीवर होती. सकाळी सुरू केली की पुढून घर्र असा कोरडा आवाज यायचा, एसी लावला की तो चढायचा आणि रस्त्याला लागल्यावर टायरांच्या आवाजात बुडून जायचा. "अहो, ही गाडी दळण दळतेय," असं बायको म्हणाली, तेव्हा मला नवं काही कळलं नाही. अंदाज आधीच आला होता, खात्री व्हायची होती.

खात्री झाल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, ही सवय नोकरीची. साखर कारखान्याच्या मेंटेनन्सला माझी उमेदीची वर्षं गेली. बॉयलरचा धूर ओढून चिमणीत सोडणारा पंखा, ज्याला आम्ही आयडी फॅन म्हणतो, तो हंगामात रात्रंदिवस फिरत असतो. त्याचं बेअरिंग गेलं की बॉयलर बसला. बॉयलर बसला की वाफ नाही, वाफ नाही म्हणजे गाळप बंद, आणि बाहेर यार्डात भरलेल्या उसाच्या गाड्या उन्हात वाळत उभ्या. तोडलेला ऊस थांबत नाही, त्यातली साखर उतरत जाते. म्हणून पाळीवर आलेला फिटर हजेरी लावून पहिल्यांदा एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन फेरीला निघायचा. टोक बेअरिंगच्या ब्लॉकवर, मूठ कानाच्या हाडाला. चांगल्या बेअरिंगचा आवाज सपाट असतो. मध्येच ठराविक अंतराने टक् आलं की रिंगवर कुठेतरी टवका उडालाय. नुसतीच खरखर असेल तर ग्रीस आटलंय किंवा राख शिरलीय. पुढे कंपनं मोजायचं यंत्र आलं. कान यंत्रापेक्षा भारी, असली फुशारकी मी मारणार नाही; कधी कान आधी सांगायचा, कधी यंत्र. यंत्राचा आकडा मात्र वहीत लिहिता येतो आणि पुढच्या पाळीच्या माणसाला दाखवता येतो.

गाडीच्या बॉनेटखाली हाच उद्योग करताना एक धोका जास्तीचा असतो. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि स्वतःच्या मर्जीने कधीही सुरू होतो. बाही, ओढणी, मफलर, काहीही लोंबतं नको.

शेजारचा मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करतोय. गाडी अंगणात घेऊन बॉनेट उघडलं की तो येणार, हे ठरलेलं. "काका, पट्टाच करकरत असेल की," तो म्हणाला. शंका बरोबर होती. पट्ट्याचा आवाज आणि बेअरिंगचा आवाज यांत नवखा माणूस फसतो. त्याची परीक्षा सोपी आहे. चालू इंजिनवर पट्ट्याच्या खाचांच्या बाजूला पाण्याचे चार थेंब उडवायचे. आवाज पट्ट्याचा असेल तर तो त्या क्षणी बदलतो, जातो किंवा वाढतो. आमचा घर्र जागचा हलला नाही. मग इंजिन बंद करून पट्टा उतरवला आणि गाडी पुन्हा सुरू केली. आवाज गायब. आमच्या गाडीत हा पट्टा फक्त एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, त्यामुळे त्याच्याशिवाय इंजिन चाललं तरी बिघडत नाही. ज्या गाड्यांत एकच लांब पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, तिथे ही परीक्षा काही सेकंदांतच आवरायची, नाहीतर इंजिन तापतं.

आता संशयित दोनच उरले: कॉम्प्रेसरची पुली आणि पट्ट्याला ताण देणारी लहान पुली, जिला गॅरेजमध्ये आयडलर किंवा टेन्शन पुली म्हणतात. ती काही फिरवत नाही, नुसती पट्ट्याबरोबर फिरते. आणि इंजिनच्या खालच्या पुलीपेक्षा ती लहान असल्याने इंजिनपेक्षा जोरात फिरते. खालची पुली हिच्या दुप्पट असेल, तर इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असताना ही सहा हजार घेते.

मुलाने बोटाने तिला टिचकी दिली. पुली सर्रकन फिरली आणि फिरतच राहिली. "बघा की काका, किती मोकळी आहे! ही तर चांगलीच आहे."

मोकळी फिरते म्हणूनच ती गेलेली होती. दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलेलं असतं, आत जी मोकळी जागा असते तिच्या साधारण एक-तृतीयांश. त्या ग्रीसचा आणि रबरी सीलचा अडसर हाताला जाणवला पाहिजे. टिचकी दिली की चांगली पुली एखादा फेरा जेमतेम घेते आणि थांबते, आवाज न करता. ही मात्र बारीक खुळखुळ करत फिरत होती. कॉम्प्रेसरची पुली फिरवून दाखवली, तेव्हा त्याला दोन्हींतला फरक बोटांनीच कळला. मग लहान पुलीची कड दोन बोटांत धरून पुढे-मागे हलवायला सांगितलं. ती किंचित डुलत होती.

यापूर्वी एकदा गाडी सर्व्हिस सेंटरला नेली होती. तिथल्या मुलाने बॉनेट उघडल्या उघडल्या बरोबर याच पुलीवर बोट ठेवलं. हुशार होता. पण कागदावर लिहिलं गेलं ते "पुली असेंब्ली". नुसतं बेअरिंग मिळेल का, विचारलं. "नाही सर, पार्ट नंबर पूर्ण पुलीचाच आहे." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये गाडीचे हजारो भाग आहेत, प्रत्येकाला नंबर आहे, आणि ज्याला नंबर नाही ती वस्तू त्याच्यापुरती अस्तित्वातच नाही. पुलीचा पत्रा, तिच्यातली बुशिंग, सर्क्लिप आणि बेअरिंग हे सगळं मिळून त्याच्या दृष्टीने एक वस्तू. गाडी जिथवर उघडायची ती हद्द कॅटलॉगने ठरवलेली असते, आणि माझ्या उमेदीपासून आजपर्यंत ती हद्द सारखी बाहेर सरकत आली आहे. डायनॅमोचे ब्रश बदलणारे लोक आता अख्खा अल्टरनेटर बदलतात. त्यात सगळंच वाईट आहे असं नाही. असेंब्ली बसवली की काम लवकर होतं, गॅरंटी देता येते, आणि बसवणाऱ्याचा हात कच्चा असला तरी निभावतं. पैसे मात्र त्या सोयीचे जातात, बिघडलेल्या वस्तूचे नव्हे.

काढायचं काम लहान आहे. मधला नट सैल करायचा, ताणाचा बोल्ट मागे घ्यायचा, पट्टा उतरतो. तोच पट्टा परत घालायचा असेल तर आधी खडूने बाणाची खूण करावी, म्हणजे तो होता त्याच दिशेने फिरेल. पुली हातात आली. मागच्या बाजूला चिखल आणि तेल यांचा थर बसला होता. रॉकेलच्या फडक्याने तो पुसला तसा आधी सर्क्लिप दिसला आणि मग सीलवरचे आकडे वर आले: ६२०३.

सर्क्लिप काढताना डोळ्यांवर चष्मा हवा. सर्क्लिप पक्कडीतून सुटला की कुठे जाईल सांगता येत नाही, आणि माझ्या अनुभवात तो जमिनीवर कधीच पडत नाही. नंतर व्हाइसलाच प्रेस केलं. पुलीच्या एका अंगाला बेअरिंग आत मावेल एवढा पाइपाचा तुकडा, दुसऱ्या अंगाला बेअरिंगपेक्षा जरा लहान सॉकेट, आणि हळूहळू हँडल फिरवत गेलं की कट् असा आवाज होऊन बेअरिंग सुटतं. जुनं काढताना ते टाकूनच द्यायचं असल्याने जोर कुठेही लागला तरी चालतो.

कोल्हापुरात बेअरिंग म्हटलं की माणूस शिवाजी उद्यमनगरात जातो. फौंड्र्या, लेथ, पॅटर्नवाले, स्पेअर पार्टची दुकानं, सगळं एकमेकाला चिकटून. दुकानदाराने गाडी कोणती, मॉडेल कोणतं, साल कोणतं, यातलं काहीच विचारलं नाही.

"नंबर, मिस्त्री?"

"बासष्ट शून्य तीन."

"पत्रा का रबर?"

"दोन्हीकडून रबर. सी-थ्री असेल तर तेच द्या."

एवढ्यावर व्यवहार संपला. या चार आकड्यांवर माझा फार जीव आहे. पहिला ६ म्हणजे खोल खाचेचं बॉल बेअरिंग. २ म्हणजे त्याची मालिका, किती जाड आणि किती रुंद ते सांगणारी. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे. ०४ पासून पुढे पाचाने गुणायचं: ०४ म्हणजे २० मिलिमीटर, ०५ म्हणजे २५. त्याआधीच्या चार नंबरांना हे गणित लागू नाही. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७. हे पाठच करायचं असतं. तर ६२०३ म्हणजे आतून १७, बाहेरून ४०, रुंदी १२. जयपूरला १९४६ साली सुरू झालेल्या एनबीसीचं घ्या, चिंचवडच्या एसकेएफचं घ्या किंवा जपानी घ्या, मापं तीच. सी-थ्री म्हणजे आत गोळ्यांना नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक. बॉनेटखालच्या उष्णतेत रिंगा फुगल्या तरी बेअरिंग आवळत नाही.

हेच बेअरिंग कुणाच्या मोटरसायकलच्या चाकात असतं, कुणाच्या कपडे धुण्याच्या यंत्रात, कुणाच्या विजेच्या मोटरीत. पुलीचा पार्ट नंबर गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचा; ६२०३ कुणाच्याच मालकीचा नाही. त्या नंबरामुळेच गल्लीतला मिस्त्री कुणाची परवानगी न घेता यंत्र दुरुस्त करू शकतो. दोनशे रुपयांच्या आत काम झालं, ही त्यातली दुय्यम गोष्ट.

नकली मालाचं तेवढं सांगायला हवं. नामांकित कंपनीचा डबा हुबेहूब छापून आत भलतंच बेअरिंग घालायचा धंदा जुना आहे. भाव फारच कमी सांगितला, रिंगवरची अक्षरं पुसट किंवा वाकडीतिकडी असली, तर घेऊ नये. काही मोठ्या कंपन्यांनी फोनवरून खरेपणा तपासायची सोय दिली आहे. पण माझ्या मते ठरलेला दुकानदार आणि पक्कं बिल याला तोड नाही.

बसवताना मात्र जोर बाहेरच्या रिंगवरच लागला पाहिजे, कारण पुलीत घट्ट बसते ती बाहेरची रिंग. आतल्या रिंगवर ठोकलं तर तो सगळा ठोका गोळ्यांमधून बाहेरच्या रिंगला जातो आणि खाचेत गोळ्यांचे बारीक खड्डे पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण गाडी सुरू केली की पहिल्या दिवसापासून आवाज येतो. मग लोक म्हणतात, नवीन बेअरिंगमध्ये राम राहिला नाही.

कारखान्यात मोठं बेअरिंग शाफ्टवर चढवायचं असलं की ते तेलाच्या कढईत तापवायचं, शंभराच्या जरा वर. रिंग फुगते आणि शाफ्टवर सरकते. इथे प्रकार उलटा: फुगवायची ती पुली. बेअरिंग पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवलं आणि पुली, घासून ग्रीसचा कण न ठेवता, पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकली. (पातेलं अंगणातलं, पाणी तापवायचं. स्वयंपाकघरातलं मागायची माझी छाती नव्हती.) मुलाला म्हटलं, कर हिशोब. पोलाद अंशाला मीटरमागे सुमारे बारा मायक्रॉन वाढतं. भोक ४० मिलिमीटरचं, तापमान सत्तर अंशांनी वाढलेलं. त्याने फोन काढला: ०.०३४ मिलिमीटर. "एवढंच?" त्याचा चेहरा पडला. एवढंच पुरतं. तीन शतांश म्हणजे आमच्या जुन्या भाषेत एका थाऊहून, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाहून, थोडं जास्त, आणि अशा बैठकीत घट्टपणा साधारण त्याच घरातला असतो.

पुली चिमट्याने बाहेर काढून पुसली, बाकावर ठेवली, बेअरिंग सरळ धरलं आणि अंगठ्यांनी दाबलं. ते खाली गेलं, तळाला टेकलं. मुलाने पुन्हा काढून बघायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात पुलीने पकड घेतली होती. ही दोन-चार सेकंदं मला अजूनही आवडतात.

पुली गाडीवर चढवल्यावर दोन गोष्टी राहतात, आणि बेअरिंगचं आयुष्य निम्मंअधिक त्याच ठरवतात. पहिली रेषा. सर्व पुल्यांच्या तोंडाला सरळ पट्टी लावून बघायचं की पट्टा एका रेषेत धावतोय की तिरका. या तिरकेपणावरूनच आजचं बेअरिंगचं जग उभं राहिलं आहे. स्वीडनमध्ये गोटेनबर्गच्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर यंत्रांची देखभाल बघायचा. गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर. जमीन खचायची, लांबलचक शाफ्ट रेषेतून सुटायचे, आणि त्या शाफ्टांना धरणारी बेअरिंगं सारखी जायची. जमीन काही बदलता येत नव्हती. तेव्हा त्याने दोन ओळी गोळ्यांचं असं बेअरिंग तयार केलं की शाफ्ट वाकडा झाला तरी ते आतल्या आत स्वतःला सावरून घेईल. साल १९०७, त्याच वर्षी एसकेएफ कंपनी निघाली. गिरणीतल्या मेंटेनन्सच्या माणसाने हे केलं याचा मला उगाचच अभिमान वाटतो. आपल्या ६२०३ला मात्र तसं सावरता येत नाही. त्याला रेषा सरळच लागते.

दुसरी गोष्ट ताण. पट्टा कसताना आपल्याकडे हात जड असतो. करकरू नये म्हणून दोन फेरे जास्तीचे देतात. बॉल बेअरिंगचं गणित असं की भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मं नाही, एक-अष्टमांश होतं. घनाचा नियम. हे मी मुलाला सांगितलं तेव्हा त्याने पुस्तकात हे सूत्र वाचल्याचं सांगितलं, परीक्षेला आलेलं होतं म्हणे. पण हातातला पाना कुठे थांबवायचा, याच्याशी त्याचा संबंध आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.

गाडी सुरू केली. आवाज नव्हता. बायको गॅलरीतून म्हणाली, "झालं?" आणि आत गेली.

मला त्यापेक्षा जुन्या बेअरिंगमध्ये रस होता. चाकूच्या टोकाने सील उचकटलं. आत ग्रीस म्हणायला तपकिरी, वाळलेली खरपुडी. मागच्या बाजूच्या सीलची कड एका जागी उचललेली आणि तिथे गंजाची लाल रेघ. म्हणजे पाणी शिरलेलं. पाणी आपोआप शिरत नाही, ते जोराच्या फवाऱ्याने शिरतं. ही गाडी मी जुनी घेतली तेव्हा इंजिन आरशासारखं धुतलेलं होतं. विकायच्या आधी सगळेच धुतात.

पिंजरा कापून आठही छर्रे बाहेर काढले. चकाकी गेलेली, दुधाळ झालेले. मग आतली रिंग उजेडात धरली. तिच्या खाचेत बारीक खड्ड्यांचा पट्टा होता, पण फक्त एका बाजूला. उरलेली खाच गुळगुळीत.

"काका, एकाच बाजूला का?"

"फिरतं कोण?"

तो विचारात पडला. मोटरीच्या बेअरिंगची सवय असल्याने आपण आतली रिंग फिरते असं धरून चालतो. पुलीत बाहेरची फिरते. आतली बोल्टवर आवळलेली, जागची हलत नाही. पट्टा पुलीला सतत एकाच दिशेने दाबतो, म्हणून आतल्या रिंगचा तेवढाच तुकडा आयुष्यभर मार खातो. बाहेरची फिरत असल्याने तिची झीज सगळीकडे सारखी. मुलाने ती रिंग बोल्टवर परत चढवून पाहिली आणि पट्ट्याची बाजू कोणती असेल ते हात फिरवून ताडलं. बरोबर निघालं.

एवढ्यावर त्याला हुरूप आला. त्याच्या मामाच्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला झाला होता. "त्याच्या पुलीतलं पण बेअरिंगच टाकू या की. नंबर असणारच."

नको म्हटलं. त्याला ते पटेना, कारण सकाळपासून मीच त्याला नंबराचं गुणगान ऐकवत होतो. पण ते चार आकडे बेअरिंगची बाहेरची मापं सांगतात. आत ग्रीस कोणतं, किती तापमानाला टिकणारं, पिंजरा पोलादाचा की प्लास्टिकचा, हे त्या आकड्यांत नसतं. एसीच्या पुलीत ते चुकलं तर फार तर एसी बंद पडेल. टायमिंगची पुली अडकली तर पट्टा उडतो, आणि बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून अख्खं हेड उतरवावं लागतं. शिवाय त्यातल्या काही पुल्या प्लास्टिकच्या असतात, बेअरिंगवरच ओतलेल्या. त्यातून बेअरिंग धड निघत नाही. तिथे पट्टा, पुली, टेन्शनर असा पूर्ण संच घ्यायचा आणि सांगितलेली किंमत द्यायची.

मामांनी संच घेतला. गाडी सर्व्हिस सेंटरलाच दिली, आणि जुन्या पुल्या तेवढ्या मागून आणल्या. मुलाला त्या उघडून बघायच्या होत्या.